जिल्ह्याच्या दैनिकाचा इतिहास कसा शोधावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्धापनदिनाच्या विशेषांकात छापलेला इतिहास बहुधा संस्थापकाचा असतो. दैनिकाचा खरा इतिहास असतो त्याच्या फायलीत: नाममुद्रेखालच्या, म्हणजे पहिल्या पानावर ठळक छापलेल्या नावाखालच्या, आकड्यांत, शेवटच्या पानाच्या तळाच्या बारीक ओळीत, जाहिरातींत आणि तुटलेल्या मात्रांतसुद्धा. तो कसा वाचायचा, हे विचारणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी, शिक्षकांसाठी आणि माळ्यावर जुन्या अंकांचा गठ्ठा सापडलेल्या घरांसाठी ही उत्तरे.

मराठी दैनिकांची सुरुवात कुठून धरायची?

वृत्तपत्र आणि दैनिक यांत गल्लत करू नये. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत निघाले. ते आधी पाक्षिक होते, मग साप्ताहिक झाले, आणि त्यात मराठी व इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी छापलेला असे. ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्ये अहमदनगरला सुरू झाले. पुण्याचे ‘ज्ञानप्रकाश’ १२ फेब्रुवारी १८४९ चे, पण ते दैनिक झाले १९०४ मध्ये. ४ जानेवारी १८८१ चा ‘केसरी’ही साप्ताहिकच होता, दैनिक होईपर्यंत त्याची कित्येक दशके गेली. पुण्याचा ‘सकाळ’ मात्र १ जानेवारी १९३२ रोजी दैनिक म्हणूनच जन्माला आला. ना. भि. परुळेकरांनी अग्रलेखापेक्षा बातमीला मान दिला, आणि गावोगावच्या बातमीदारांची व बाजारभावांची गरज ओळखली. पुढच्या जिल्हा दैनिकांनी गिरवलेला कित्ता हाच.

साप्ताहिक, मग अर्धसाप्ताहिक आणि शेवटी दैनिक, ही वाट बहुतेकांनी चालली. म्हणून ‘स्थापना’ हा शब्द दिसला की पहिला प्रश्न विचारावा: कशाची स्थापना, साप्ताहिकाची की दैनिकाची? ‘लोकमत’ हे नाव यवतमाळला साप्ताहिकाच्या रूपाने १९१८ पासूनचे. नागपूरचे दैनिक १५ डिसेंबर १९७१ चे. दोन्ही तारखा खऱ्या आहेत, फक्त त्या दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत.

पहिला अंक उपलब्ध नाही. दैनिक कधी सुरू झाले हे काढता येते का?

बऱ्याचदा येते. नाममुद्रेखाली ‘वर्ष १२ वे, अंक २०५’ असे छापलेले असते. समजा, असा अंक मार्च १९७४ चा आहे. दैनिकाचे २०५ अंक निघायला साधारण सात महिने लागतात. म्हणजे बारावे वर्ष ऑगस्ट १९७३ च्या सुमारास सुरू झाले. त्यातून आधीची अकरा वर्षे वजा केली की पहिल्या वर्षाची सुरुवात ऑगस्ट १९६२ च्या आसपास येते.

या हिशेबात तीन ठिकाणी पाय घसरतो. पहिले म्हणजे, वर्षाचा आकडा साप्ताहिकापासून मोजलेला असू शकतो. दुसरे, अंकाचा आकडा रात्रीच्या घाईत बदलायचा राहून जातो. मग सलग दोन दिवस एकच क्रमांक दिसतो आणि पुढचे सगळे आकडे एकाने मागे पडतात. तिसरे, मालकी बदलली, पत्र बंद पडून पुन्हा निघाले, की कधी मोजणी नव्याने सुरू होते आणि कधी जुनीच पुढे चालवतात. म्हणून एका अंकावर भिस्त ठेवू नये. वेगवेगळ्या वर्षांचे निदान पाच अंक घेऊन हाच हिशेब करावा. पाचही उत्तरे एकाच महिन्याकडे बोट दाखवत असतील तर तारीख पक्की समजायला हरकत नाही.

वरचा भाग फाटला आहे, तारीखच नाही. आता?

उरलेल्या कागदावर कालखुणा शोधाव्यात.

किंमत आण्यांत असेल तर अंक बहुधा १ एप्रिल १९५७ पूर्वीचा, कारण दशमान नाणी त्या दिवशी आली. ‘नवे पैसे’ किंवा ‘न. पै.’ असेल तर १९५७ ते १९६४ मधला; १ जून १९६४ पासून ‘नवे’ गळून नुसते ‘पैसे’ उरले. जाहिरातीत ‘मुंबई राज्य’ असेल तर १ मे १९६० च्या आधीचा. पत्त्यात सहा आकडी पिन कोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा.

पंचांगाची ओळ वाचली असेल तर फार बरे. गुढीपाडव्यानंतर शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो. १ जानेवारी ते पाडवा या काळात मात्र ७९ मिळवावे लागतात. चूक नेमकी इथे होते. तिथी आणि वार दोन्ही जुळले तर तारीख जवळपास नक्की. छापील तारखेचा संशय असेल तेव्हाही हीच ताळ्याची पद्धत वापरावी, कारण आकडा चुकतो तसा वार सहसा चुकत नाही.

सिनेमाच्या जाहिराती, बोर्डाचे निकाल, धरणातला पाणीसाठा, पालिकेच्या निविदा यांतूनही महिना कळतो. ‘काल’ आणि ‘आज’ या शब्दांवर मात्र विसंबू नये. बातमी दोन दिवस पडून राहिली तरी जुळवलेला ‘काल’ तसाच छापला जाई.

एकाच नावाची दोन पत्रे कशी? ती एकच समजायची का?

मुळीच नाही. बेळगावचा ‘तरुण भारत’ बाबूराव ठाकूर यांनी १९१९ मध्ये काढला. नागपूरचा ‘तरुण भारत’ वेगळा; ग. त्र्यं. माडखोलकर १९४४ पासून त्याचे संपादक होते. टिळक-आगरकरांच्या काळातला ‘मराठा’ हे इंग्रजी साप्ताहिक, तर आचार्य अत्र्यांचा ‘मराठा’ हे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत १९५६ मध्ये मुंबईत निघालेले मराठी दैनिक. नावाबरोबर गाव आणि काळ लिहिला नाही तर वाचणारा हमखास फसतो. नोंदवहीत पहिल्या दिवसापासून ‘नाव, गाव, नियतकालिकता (दैनिक की साप्ताहिक)’ असे तिन्ही लिहावे.

शेवटच्या पानाच्या तळाशी असलेली बारीक ओळ कशासाठी?

अनेकजण ती वाचतच नाहीत, आणि दैनिकाच्या इतिहासातला सर्वांत भरवशाचा मजकूर तोच. १८६७ च्या मुद्रणालये व पुस्तके नोंदणी कायद्याने मुद्रक, प्रकाशक आणि छपाईचे व प्रकाशनाचे ठिकाण प्रत्येक प्रतीवर छापणे बंधनकारक केले. संपादकाचे नावही द्यावे लागे. प्रकाशकाला जिल्हा दंडाधिकाऱ्यापुढे घोषणापत्र करावे लागे. हा कायदा जाऊन आता २०२३ चा नवा कायदा आला असून तो १ मार्च २०२४ पासून लागू आहे.

दर वर्षाच्या पहिल्या उपलब्ध अंकातली ही ओळ उतरवून काढा. छापखान्याचे नाव बदलले की यंत्र किंवा जागा बदललेली असते. मुद्रक व प्रकाशक म्हणून नवे नाव आले की मालकीत किंवा घरात काहीतरी घडलेले असते. संपादकाच्या नावापुढे ‘कार्यकारी’ हा शब्द उगवतो, तेव्हा काम कोण पाहते ते कळते. दहा वर्षांच्या ओळी एकाखाली एक ठेवल्या की संस्थेचा कणा दिसतो.

दुसरा खजिना म्हणजे ‘नमुना ४’. भारताच्या वृत्तपत्र निबंधकांचे कार्यालय १ जुलै १९५६ रोजी सुरू झाले. तेव्हापासून फेब्रुवारी संपल्यानंतरच्या पहिल्या अंकात मालकीचे निवेदन छापण्याची पद्धत पडली. एकूण भांडवलाच्या एक टक्क्याहून अधिक वाटा असणाऱ्या भागीदारांची व भागधारकांची नावे त्यात असतात. मार्चच्या पहिल्या आठवड्याचे अंक म्हणूनच आधी मागावेत.

खिळ्यांच्या काळात रोजचा अंक कसा निघत असे?

हाताने, एकेक अक्षर उचलून. शिसे, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रधातूचे खिळे, म्हणजे सुट्या अक्षरांचे ठसे, लाकडी केसच्या घरांत ठेवलेले असत. जुळारी, म्हणजे खिळे जुळवणारा कामगार, डाव्या हातात स्टिक (ओळी जुळवायची छोटी पट्टी) धरून उजव्या हाताने खिळे भरी. अक्षरे उलटी आणि आरशातल्यासारखी, पण ओळ डावीकडून उजवीकडेच जुळत जाई. स्टिक भरली की ओळी गॅलीत (लांबट तबकात) उतरवायच्या, दोऱ्याने बांधायच्या, शाईचा हात फिरवून कच्चे मुद्रित काढायचे. मुद्रितशोधकाने खुणा केल्या की चिमट्याने चुकीचा खिळा काढून बरोबर बसवायचा. मग गॅलीतला मजकूर, रूळ, शिशाच्या पट्ट्या आणि चित्रांचे ब्लॉक (ठसे) लोखंडी चौकटीत आवळून फर्मा तयार होई आणि यंत्रावर चढे.

मराठीची अडचण खिळ्यांच्या संख्येत होती. जोडाक्षरे, अर्धी अक्षरे, रफार, उकार धरून कित्येकशे प्रकारचे खिळे लागत. डिग्री पद्धतीत मधे अक्षर, वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असे तुकडे वेगवेगळे बसत. चौकट नीट आवळली गेली नाही की छपाईच्या धक्क्याने वरचा बारीक तुकडा सरके किंवा उडे. जुन्या अंकात ‘मेळावा’चा ‘मळावा’ झालेला दिसतो, तो दर वेळी अशुद्धलेखनाचा नमुना नसतो. उतारा करताना अशी अक्षरे चौकोनी कंसात दुरुस्त करावीत, जुळाऱ्याला दोष देऊ नये. अपुऱ्या दिव्याच्या उजेडात रोज चार पाने हाताने उभी करणाऱ्या या माणसांची नावे कुठेच छापलेली नाहीत, ही मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासातली मोठी उणीव आहे. त्या पिढीतले कोणी भेटले तर आधी त्यांच्याशी बोला. फायली थोडा काळ थांबतील.

छपाईचा क्रमही लक्षात ठेवण्याजोगा. साध्या सिलिंडर यंत्रावर मोठ्या कागदाची एक बाजू एका वेळी छापली जाई. चार पानी अंकात एका बाजूला पान २ आणि ३, दुसऱ्या बाजूला १ आणि ४. आतली बाजू संध्याकाळीच छापून घेत, कारण शाई वाळायला वेळ हवा आणि अडकलेले खिळे पुढच्या पानांसाठी मोकळेही करायचे असत. बाहेरची बाजू रात्री उशिरा. त्यामुळे अग्रलेखाच्या पानाला रात्रीची बातमी ठाऊक नसते. पहिल्या पानावर मंत्र्यांचा राजीनामा आणि आत त्याच मंत्र्यांना सल्ला, असे दिसले तर तो वैचारिक गोंधळ समजू नये.

जुन्या अंकांत तोच तो फोटो पुन्हा का दिसतो?

फोटोसाठी जस्ताचा ब्लॉक करावा लागे. तो बनवण्याची सोय सर्व जिल्ह्यांत नव्हती. छायाचित्र मोठ्या शहरात पाठवायचे आणि ब्लॉक परत यायची वाट पाहायची. त्यामुळे पुढाऱ्यांचे ब्लॉक कपाटात जपून ठेवत आणि वर्षानुवर्षे वापरत. फोटोवरून त्या दिवशीचा प्रसंग किंवा माणसाचे वय ठरवू नका. ब्लॉकवर एकाच जागी चरा दिसत असेल तर तोच ब्लॉक पुन्हा वापरला आहे.

ऑफसेट आणि संगणक आल्यावर काय बदलले?

अक्षर धातूतून सुटले. ऑफसेटमध्ये पानाची प्रतिमा ॲल्युमिनियमच्या प्लेटवर, तिथून रबरी ब्लँकेटवर आणि मग कागदावर उतरते. फोटोला वेगळा ब्लॉक लागत नाही, म्हणून पानावर फोटो एकदम वाढतात. कागद हाताला लावून पाहा: खिळ्यांच्या छपाईत पानाच्या मागे अक्षरांचा हलका उठाव जाणवतो, ऑफसेटचे पान सपाट असते. दैनिकाने यंत्र कधी बदलले, ते यावरून फायलीतच सापडते.

संगणकाने वेगळाच घोटाळा केला. युनिकोड, म्हणजे सर्व संगणकांवर चालणारी समान अक्षरयोजना, रुळण्यापूर्वी प्रत्येक फाँटची अक्षरयोजना निराळी होती. त्या काळातल्या फायली आज उघडल्या की मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा काला दिसतो. रूपांतर करणारी साधने आहेत, पण ऱ्हस्व वेलांटी आणि रफार हमखास चुकीच्या जागी बसतात. रूपांतरानंतर निदान ‘कार्य’, ‘वर्ष’, ‘स्थिती’, ‘शक्ती’ असे शब्द शोधून तपासावेत. मूळ फाइल आणि फाँट दोन्ही जपून ठेवा. नुसता बदललेला मजकूर ठेवू नका.

डाक आवृत्ती आणि शहर आवृत्ती यांत फरक काय?

वेळेचा. लांबच्या तालुक्यांचे गठ्ठे रात्रीची रेल्वे किंवा एस.टी. गाठायचे, म्हणून त्यांची पाने लवकर बंद होत. महाराष्ट्रात एस.टी. १ जून १९४८ पासून धावू लागली, आणि पुढे तिचे वेळापत्रक हेच अनेक दैनिकांचे वेळापत्रक बनले. शहर आवृत्तीला आणखी काही तास मिळत. तारीख एकच, पण मथळा वेगळा, कधी निवडणुकीचा निकालसुद्धा अपुरा. ग्रंथालयातली फाइल कोणत्या आवृत्तीची आहे हे पाहिल्याशिवाय ‘या दैनिकाने ही बातमी दिलीच नाही’ असे विधान करू नये.

देश-विदेशच्या बातम्या मुख्यतः इंग्रजीतून तारेने किंवा टेलिप्रिंटरवर येत आणि उपसंपादक त्या रात्री मराठीत उतरवत. एकाच घटनेसाठी दोन दैनिकांत दोन वेगळे मराठी शब्द सापडतात ते यामुळे. कितीतरी शब्द तिथेच घडले आणि भाषेत राहिले.

पानांची संख्या कमी-जास्त का होते?

कागद, जाहिराती आणि काही काळ सरकारी आदेश. १९५६ चा किंमत-पृष्ठ कायदा आणि १९६० चा त्याखालील आदेश यांनी पानांची संख्या किमतीशी बांधली. ‘सकाळ’ आठवड्याच्या सहा दिवसांत मिळून ३४ पाने देत होता, किंमत ७ नवे पैसे. आदेशाप्रमाणे त्याच किमतीत २४ पानेच देता आली असती. ३४ द्यायची तर किंमत वाढवायची. किंमत वाढली की वाचक घटतो, पाने कमी केली की मजकूर घटतो. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर १९६१ मध्ये हा कायदा आणि आदेश अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या विरोधात ठरवून रद्द केला. पुण्याच्या एका मराठी दैनिकाने लढवलेला हा खटला आजही घटनेच्या अभ्यासात शिकवला जातो. मराठी वाचकांनी त्याचा अभिमान बाळगावा असेच ते काम आहे.

फाइलमध्ये अंक नाही. हरवला की निघालाच नाही?

आधी आदल्या आणि पुढच्या अंकाचे क्रमांक पाहा. क्रमांक सलग असतील तर अंक निघालाच नव्हता. छापखान्याला सुट्टी असली की दुसऱ्या दिवशी अंक नसतो. १६ ऑगस्ट आणि २७ जानेवारी हे नेहमीचे रिकामे दिवस, शिवाय दिवाळी आणि इतर सण. आदल्या अंकात सुट्टीची चौकट असते.

पाने गहाळ असतील तर घडी आठवा. आठ पानी अंकाचा बाहेरचा कागद म्हणजे पाने १, २, ७, ८ आणि आतला ३, ४, ५, ६. आतला कागद निसटला तर ही चार पाने एकदम जातात. फक्त ५ आणि ६ नसतील तर कोणीतरी कागद फाडून नेला आहे.

बंदीचा काळही ध्यानात घ्यावा. निजामाच्या राजवटीत १९३८ मध्ये आ. कृ. वाघमारे यांनी सुरू केलेले ‘मराठवाडा’ बंदीमुळे निरनिराळ्या नावांनी काढावे लागले. तिथे एकच नाव शोधत बसलात तर अर्धा इतिहास हातचा जातो. आणीबाणीत २५ जून १९७५ नंतर पूर्वनियंत्रण, म्हणजे छापण्याआधीची सरकारी तपासणी, आले. त्या महिन्यांत काय छापले नाही, ते शेजारच्या महिन्यांशी ताडून पाहावे लागते.

जुने अंक कुठे मिळतील?

दैनिकाच्या कचेरीपासून सुरुवात करा, मग गावातले सार्वजनिक वाचनालय. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यात १९५६ मध्ये वृत्तपत्रांचाही समावेश झाला. त्यानुसार प्रती कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नई आणि दिल्ली येथे जायला हव्यात. सगळ्या प्रकाशकांनी त्या नेमाने पाठवल्या असे गृहीत धरू नका. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय, कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर अशा जुन्या संस्थांकडेही विचारणा करावी.

ज्याचा एकही अंक उरला नाही अशा ब्रिटिशकालीन पत्रासाठी मुंबई सरकारच्या भाषांतर खात्याचे साप्ताहिक अहवाल पाहा. देशी पत्रांतल्या मजकुराचा इंग्रजी गोषवारा त्यांत असतो, शिवाय पत्राचे गाव, संपादक आणि खप यांच्या याद्या. मुंबईच्या पुराभिलेखागारात ते बघता येतात. मात्र हा गोषवारा सरकारने, सरकारला धोका वाटेल ते वेचून केलेला आहे. गावची जत्रा आणि पाऊसपाणी त्यात नाही.

घरात जुन्या अंकांचा गठ्ठा निघाला. तो कसा सांभाळायचा?

वृत्तपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यातल्या लिग्निनमुळे तो उजेडात आणि हवेत पिवळा पडतो, आम्ल होतो आणि घडीवर मोडतो. म्हणून घड्या उघडून आडवे, सपाट ठेवा. गठ्ठा सुतळीने आवळू नका, कडा कापल्या जातात. सेलोटेप लावू नका. चिकट थर कागदात मुरतो आणि काही वर्षांत तपकिरी पट्टा अक्षरांसकट उरतो. लॅमिनेशन तर अजिबात नको, ते परत काढता येत नाही. टाचण्या काढा, त्यांचा गंज पसरतो. ओल आलेले अंक उन्हात वाळवू नका. सावलीत, पंख्याखाली, मधे कोरा कागद घालून वाळवा.

स्कॅन की फोटो?

मोठे पान ए-थ्री स्कॅनरवर मावत नाही आणि मोडका कागद सारखा उलटावा लागतो. वरून टांगलेला कॅमेरा बरा. ५५ सेंमी उंचीचे पान ६००० × ४००० बिंदूंच्या कॅमेऱ्याने पूर्ण चौकटीत घेतले तर इंचाला सुमारे २७५ बिंदू मिळतात. बारीक जाहिरातीही वाचता येतात. दोन्ही बाजूंनी तिरपा प्रकाश द्या, फ्लॅश नको. पानाखाली काळा कागद सरकवला की मागच्या बाजूची अक्षरे कमी दिसतात. फाइलचे नाव वर्ष-महिना-दिवस-आवृत्ती-पान या क्रमाने द्या, म्हणजे संगणक आपोआप तारखेप्रमाणे लावतो. खिळ्यांच्या छपाईवर यंत्राचे अक्षरवाचन फार चुकते. शोधण्यासाठी मथळ्यांची हाताने केलेली सूची हाच भरवशाचा मार्ग, आणि दोघे मिळून बसले तर ती वेगाने होते.

लेखात संदर्भ कसा द्यावा?

दैनिकाचे नाव, गाव, आवृत्ती, तारीख, वर्ष व अंक, पान, स्तंभ, आणि अंक कुठे पाहिला ती जागा. कात्रणावरून घेतले असेल तर ‘कात्रण’ असे लिहा. कात्रणावरची हस्तलिखित तारीख पुष्कळदा कापणाऱ्याच्या आठवणीतली असते. छापील तारीख चूक आहे अशी खात्री झाली तर छापलेली तारीख तशीच द्या आणि पुढे चौकोनी कंसात बरोबर तारीख.